खालीच्या मात्रा आणि खोलीचा कोपरा

तीनतालाचा ठेका आपल्या कानांवरून इतक्या वेळा गेलेला असतो की त्याच्याकडे मुद्दाम लक्ष द्यावं असं सहसा वाटत नाही. धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. गवयाच्या किंवा सतारियाच्या मागे तो चालत राहतो, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, क्षणभर पुढे येतो आणि पुन्हा मागे जातो. घरात सबवूफर कुठे ठेवावा या प्रश्नासाठी मला मात्र या सोळा मात्रांइतका बोलका पाठ दुसरा सापडलेला नाही. लोक त्यासाठी सिनेमातले स्फोट लावून पाहतात. स्फोट कसाही घुमला तरी तो स्फोटच वाटतो, त्यामुळे त्यातून जागेबद्दल काही कळत नाही. ठेक्यात काय वाजायचं ते पक्कं ठरलेलं असतं आणि कुठे गप्प बसायचं तेही. सबवूफरची जागा चुकली की आधी ते गप्प बसणं बिघडतं.

सुरुवात पहिल्या अक्षरापासून करू. ‘धा’ हा एका हाताचा बोल नाही. उजवी तर्जनी तबल्याच्या चाटेवर पडते आणि त्याच क्षणी डावा हात डग्ग्यावर मोकळा ‘घे’ वाजवतो. दोन्ही मिळून ‘धा’. तबला षड्जाला मिळवलेला असतो. त्याच्या पुडीवरच्या काळ्या शाईमुळे वरचे स्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत येतात. साध्या ढोलाच्या पडद्यात असं होत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हे मांडलं होतं. डग्ग्याची शाई मात्र मधोमध नसते, एका बाजूला सरकलेली असते, आणि त्याचा स्वरही एका जागी बांधलेला नसतो. मोकळा वाजवला तर तो साधारण शंभर हर्ट्झच्या आसपास असतो, वाद्य मोठं आणि पुडी सैल असेल तर आणखी खाली. ‘धा’च्या पोटातला भरीवपणा आहे तो सगळा या डाव्या हाताचा.

हा ‘धा’ घरातल्या यंत्रणेत शिरतो तेव्हा त्याचे दोन वाटे होतात. खालचे स्वर सबवूफरकडे आणि वरचे पुढच्या स्पीकरांकडे पाठवण्याचं काम क्रॉसओव्हर करतो. बहुतेक रिसीव्हरांत ही सीमा 80 हर्ट्झवर ठेवण्याचा सल्ला असतो. टॉमलिन्सन होलमन यांच्या टीएचएक्स प्रणालीच्या घरगुती रूपातून हा आकडा रूढ झाला. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेनं येतोय ते कानाला नीट ओळखता येत नाही, हे त्यामागचं कारण. 80 हर्ट्झची एक लहर जवळजवळ 4.3 मीटर लांब असते. आपल्या दोन कानांमधलं अंतर तिच्यापुढे काहीच नाही. यावरून एक समज पसरला आहे की सबवूफर कुठेही ठेवला तरी चालतो. मग तो टीपॉयखाली जातो, दाराआड जातो, केर काढताना अडचण होणार नाही अशा कुठल्याही कोपऱ्यात जातो. दिशा कळत नाही हे खरंच आहे, पण जागा बदलली की त्या खालच्या आवाजाचं सगळं वागणं बदलतं.

कसं बदलतं ते ‘धा’मध्येच ऐकता येतं. क्रॉसओव्हरची सीमा एकदम तुटत नाही, तिला उतार असतो. साधारणपणे सप्तकामागे 12 किंवा 24 डेसिबलचा. म्हणजे डग्ग्याचा ‘घे’ पुढचे स्पीकर आणि सबवूफर दोघे मिळून वाजवतात. 80 हर्ट्झच्या लहरीची अर्धी लांबी सुमारे सात फूट. कोचावर बसलेल्या माणसापासून सबवूफर पुढच्या स्पीकरांपेक्षा सात फूट लांब किंवा सात फूट जवळ असला, तर त्या पट्ट्यात एकाचा दाब चढत असतो तेव्हा दुसऱ्याचा उतरत असतो. यंत्रं चांगली, वायरी नीट जोडलेल्या, आवाज भरपूर, आणि तरी ‘घे’ हरवलेला. थाप ऐकू येते, पोट ऐकू येत नाही. ‘धा’ हळूहळू ‘ता’कडे झुकायला लागतो. तालाच्या हिशेबात ही लहान गोष्ट नाही, कारण भरीचा, म्हणजे डग्ग्यासह वाजणारा, बोल खालीच्या, म्हणजे डग्ग्याविना वाजणाऱ्या, बोलाजवळ सरकला की आवर्तनाचा तोलच जातो. सबवूफरच्या मागे 0 आणि 180 अशा दोन खुणांचं बटण असतं ते याचसाठी. ते एकदा इकडे, एकदा तिकडे करून ज्या बाजूला ‘धा’ भरतो तिथे ठेवायचं. रिसीव्हरमध्ये अंतर भरायची सोय असेल तर तीही वापरायची. पण आधी जागा, मग बटण.

जागेचा खरा प्रश्न खोलीपाशी येतो. आयताकृती हौदात पाणी हिंदकळतं तेव्हा कडांशी ते वर-खाली होतं आणि मधोमध जवळजवळ स्थिर राहतं. बंद खोलीतल्या हवेचा दाब खालच्या स्वरांना असाच वागतो. प्रत्येक खोलीचे असे काही ठरलेले स्वर असतात आणि ते तिच्या लांबी-रुंदी-उंचीवरून काढता येतात. मुंबई-पुण्याच्या सदनिकेतला 16 बाय 10 फुटांचा हॉल घेऊ. लांबीमुळे 35, 70 आणि 105 हर्ट्झला हवा अशी हिंदकळते, रुंदीमुळे 56 आणि 112 ला. छत साडेनऊ फुटांवर असेल तर त्याचा पहिला स्वर 59 ला, म्हणजे रुंदीच्या 56 ला जवळजवळ चिकटून. खोली दहा बाय दहा आणि उंचीही दहा असेल तर तिन्ही स्वर 56 वरच येऊन बसतात. खालच्या आवाजासाठी इतकी वाईट खोली दुसरी नसावी.

आता या हॉलच्या लांबीच्या बरोबर मध्यावर बसलं तर 35 आणि 105 जवळपास नाहीसे होतात आणि 70 फुगतो. कोच भिंतीला टेकवला तर सगळेच फुगतात. आपल्याकडे कोच भिंतीला टेकवूनच असतो, त्यामुळे अनेक घरांत ‘बेस फार होतो’ ही तक्रार ऐकू येते आणि तिचा दोष यंत्राला दिला जातो. सबवूफरलाही हाच नियम. दोन भिंती आणि फरशी जिथे भेटतात त्या कोपऱ्यात तो ठेवला तर खोलीतला एकही स्वर न उठता राहत नाही. तोच लांब भिंतीच्या मध्यावर ठेवला तर 35 आणि 105 ला तो जवळजवळ हातच लावत नाही. कोपऱ्यात आवाज मोठा मिळतो म्हणून दुकानातले लोक कोपरा सुचवतात. मोठा मिळतो हे खरंच. पण ठेका लावा आणि ऐका: तिथला प्रत्येक ‘धा’ एकाच स्वरात फुगलेला असतो.

डग्ग्याची मींड ऐकावी ती इथे. वादकाचा डावा हात जवळून पाहिला असेल तर आठवेल: बोटांनी ‘घे’ वाजवला की तळहाताची टाच मैदानावरून शाईकडे सरकते, पुडी ताणली जाते आणि स्वर वर चढतो, टाच सैल सोडली की उतरतो. बोट एकदाच पडलेलं असतं, पुढचं सगळं टाचेचं काम. हा स्वर चढता चढता आपल्या हॉलच्या 70 वरून, 105 वरून, 112 वरून जातो. जागा चांगली असेल तर मींड एका ओढीत वर जाते. वाईट असेल तर ती 70 पाशी फुगते, मग बारीक होते, मग 105 पाशी पुन्हा उसळते. वादकानं एकाच दाबानं नेलेली रेघ आपल्यापर्यंत तुकड्यातुकड्यांत पोचते. ध्वनितज्ज्ञ खोली तपासायला खालून वर सरकत जाणारा एक सलग स्वर यंत्रावरून वाजवतात. मींड नेमकं तेच काम करते, आणि शिवाय तिच्यात एका माणसाचा हात ऐकू येतो. तबलावादक झाकीर हुसेन यांच्या डग्ग्यातून तर पूर्ण सुरावट निघायची. 15 डिसेंबर 2024 ला ते गेले. त्यांचा तो डावा हात आता ध्वनिमुद्रणांतच भेटणार. एकाच स्वराला घुमणाऱ्या खोलीत त्यांच्या दोन वेगळ्या मींडा एकसारख्या वाटतात. इतक्या मेहनतीनं कमावलेला फरक फक्त सबवूफरच्या जागेपायी पुसला जावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण मींडेपेक्षाही कठीण परीक्षा पुढे आहे. खालीची खूण नवव्या मात्रेवर असते, तिथे टाळी नसते. ठेक्यातला बोल मात्र तिथे अजून ‘धा’च आहे. डग्गा थांबतो तो दहाव्या मात्रेला. तिं, तिं, ता, ता: दहा, अकरा, बारा, तेरा. या चार मात्रा डावा हात डग्ग्यावर चपटा टेकलेला असतो आणि घुमारा बंद असतो. चौदाव्या मात्रेच्या ‘धिं’ला तो परत उघडतो आणि ऐकणाऱ्याला आपोआप कळतं की सम आता तीन मात्रांवर आहे. हातावर न मोजणारा श्रोतासुद्धा समेवर बरोबर मान हलवतो, त्यात या गेलेल्या आणि परत आलेल्या डग्ग्याचा मोठा वाटा आहे. ठेक्यातली सगळ्यात सुंदर जागा मला हीच वाटते. भरीचा अर्थ खालीमुळे लागतो.

सबवूफरच्या बाजूनं पाहिलं तर या चार मात्रांत त्याला जवळपास काहीच काम नाही. आणि नेमकं तेव्हाच त्याच्या जागेचं खरं स्वरूप कळतं. काँक्रीटच्या भिंती आणि फरशी असलेल्या खोलीत उठलेला खालचा स्वर विरायला सेकंदभर किंवा त्याहूनही जास्त वेळ लागू शकतो. मध्यलयीत मात्रा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असेल, तर नवव्या ‘धा’चा घुमारा अकराव्या मात्रेपर्यंत पसरतो. वादकानं हात टेकवून आवाज थांबवला, खोलीनं मात्र थांबवला नाही. मग खाली रिकामी राहत नाही आणि चौदाव्या मात्रेच्या परतण्याला काही किंमत उरत नाही. ऐकणारा ‘दणदणीत वाजतंय’ म्हणतो, पण आवर्तन सपाट झालेलं असतं. मी सबवूफरच्या आवाजाबद्दल मत देण्याआधी या चार मात्रा ऐकतो. त्या मोकळ्या असतील तर बाकीचं सहसा ठीक निघतं.

जागा बदलून खोलीचा स्वभाव बदलत नाही, हे स्पष्ट सांगायला हवं. तिचा घुमणारा स्वर कमी उठवला जातो, एवढंच होतं. आणि बहुतेक घरांत तेवढं पुरतं. जाड पडदे लावून हा प्रश्न सुटेल अशी आशा पुष्कळांना असते. 50 हर्ट्झच्या लहरीचा चौथा हिस्सासुद्धा 1.7 मीटर असतो. पडद्याच्या कापडाला तिचा पत्ताही लागत नाही. उलट बाल्कनीचं उघडं दार किंवा आतल्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज बरंच काम करून जातो. जुन्या वाड्यांतल्या लाकडी तक्तपोशीच्या खोल्यांत गाणं मोकळं वाटायचं त्यालाही असंच कारण आहे: फळ्या थोड्या लवतात आणि खालचे स्वर थोडे त्यांच्यात जिरतात.

जागा शोधायची एक पद्धत जगभर वापरली जाते, आणि ती करून पाहण्याइतका आनंद या सगळ्या विषयात दुसरा नाही. सबवूफर उचलून तुमच्या बसण्याच्या जागी, कोचावरच ठेवायचा. ठेका लावायचा, तोच पुन्हापुन्हा. मग आपण भिंतींच्या कडेकडेनं, फरशीवर ओणवं होऊन, कान जमिनीपासून फूटभर उंचीवर ठेवून सरकत जायचं. जिथे ठेका सगळ्यात नीट ऐकू येईल तिथे सबवूफर ठेवायचा आणि आपण कोचावर परत जायचं. याच्यामागे एक जुना, पक्का नियम आहे: आवाज करणारा आणि ऐकणारा यांनी जागांची अदलाबदल केली तरी त्यांच्यामधला मार्ग तसाच राहतो. हेल्महोल्ट्झ यांनी तो 1860 मध्ये मांडला, आणि पुढे लॉर्ड रेले यांनी तो जास्त व्यापक करून दाखवला.

अशा सरकण्यात काय ऐकू येतं ते सांगतो. कोपऱ्यात डोकं घातलं की ठेका एक मोठा गोळा होतो; ‘धा’ आणि ‘धिं’ यांच्यातला फरक ऐकूच येत नाही, खालीत मागचा गोळा तसाच पडून असतो. भिंतीला धरून हातभर पुढे आलं की गोळा सैल होतो. आणखी हातभर, आणि डग्ग्याच्या आत हवा आहे हे पहिल्यांदा जाणवतं. थापेनंतर स्वर वळतो, टाच सरकल्याचं कळतं. भिंतीच्या मध्याजवळ काही घरांत ठेका एकदम हलका होतो, काही घरांत तिथेच तो उत्तम लागतो. बाल्कनीच्या सरकत्या दाराशी खालचा आवाज बाहेर निघून जातो आणि ‘धा’ कोरडा होतो. शोकेसपाशी वेगळीच अडचण: सत्तरेक हर्ट्झला तिच्या काचा खडखडतात आणि तो खडखडाट डग्ग्याच्या नावावर जमा होतो. काचांच्या खाचेत नमद्याची पट्टी बसवली की तो जातो. आणि मग एका जागी, बहुतेक वेळा कोपऱ्यापासून दोन-चार फुटांवर, दहावी मात्रा रिकामी होते. तो क्षण ओळखायला शिकावं लागत नाही. खोली हळू श्वास सोडते असं वाटतं आणि तबल्याची चाट आधीपेक्षा लख्ख ऐकू येते, खरं तर तिला कुणी हातही लावलेला नसतो.

कोच भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेता आला तर जरूर घ्यावा. दोन सबवूफर परवडत असतील तर एकाच मोठ्यापेक्षा दोन मध्यम बरे. टॉड वेल्टी यांनी 2002 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे मांडलेल्या अभ्यासात समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले दोन सबवूफर वेगवेगळ्या आसनांवर बराच एकसारखा आवाज देतात असं दाखवलं होतं. चार-पाच माणसं एकत्र बसून ऐकणाऱ्या घरात याचा उपयोग होतो; एकट्यानं ऐकायचं असेल तर एकच, पण योग्य जागी, पुरे.

आवाज किती ठेवायचा हे तानपुरा सांगतो. पुरुष गायकाचा षड्ज काळी एकचा असेल तर तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर 69 हर्ट्झच्या आसपास येतो. म्हणजे तो सबवूफरच्या हद्दीत आहे. पण मिरजेचे कारागीर जवारी काढतात ती तारेची ताकद वरच्या स्वरांत उधळण्यासाठीच, आणि त्या वरच्या स्वरांवरून कान खालचा खर्ज स्वतःच जुळवतो. म्हणून लहानशा रेडिओवरही खर्ज ऐकू येतो. सबवूफर चालू केल्यावर तानपुरा जड झाला, घोंगावायला लागला, तर सबवूफर गरजेपेक्षा मोठा लावला आहे. तानपुरा होता तसा राहावा आणि डग्ग्याला पोट यावं, एवढाच आवाज बरोबर.

जुन्या ध्वनिमुद्रणांकडून मात्र भलती अपेक्षा करू नये. गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांना तबल्याची साथ करणाऱ्या अहमदजान थिरकवाँचा हात 78 फेऱ्यांच्या तबकड्यांवर आहे, पण डग्ग्याचा खालचा भाग तिथे फारच थोडा उतरला आहे. तिथेही कान बरंचसं भरून काढतो, आणि ते पुरेसं आहे. तबकडीवर जे नाही ते सबवूफर आणू शकत नाही. आवाज वाढवला की फक्त घरघर वाढते. थिरकवाँ ऐकताना मी सबवूफर बंद ठेवतो.

शेजाऱ्यांचा विचारही याच विषयात येतो. भिंत आणि स्लॅब वरचे स्वर अडवतात, खालचे फारसे अडवत नाहीत. खालच्या मजल्यावर पोचतो तो डग्गाच. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची कायदेशीर मर्यादा आहे, दिवसा 55 ची. सबवूफरखाली जाड रबराचे पाय दिल्यानं फरशीत शिरणारं कंपन कमी होतं. हवेतून जाणारं मात्र तसंच राहतं. शिवाय आवाज कमी केला की कानाला खालचे स्वर आणखीच कमी ऐकू येतात, हे फ्लेचर आणि मनसन यांनी 1933 मध्येच दाखवलं. म्हणून सबवूफर लावायचा तो आपण नेहमी ज्या पातळीवर ऐकतो त्याच पातळीवर. दुपारी मोठ्यानं लावून ठरवलेलं प्रमाण रात्रीच्या ऐकण्याला लागू पडत नाही.

नवा, मोठा सबवूफर घ्यायचं मनात असेल तर एक विनंती आहे. आधी आहे तोच एका सुट्टीच्या सकाळी कोचावर ठेवा, तीनतालाचा मध्यलय ठेका लावा आणि भिंतीच्या कडेनं एक फेरी मारा. दहा ते तेरा या मात्रा जिथे स्वच्छ ऐकू येतील तिथे फरशीवर खडूनं खूण करा आणि सबवूफर तिथे ठेवा. नवीन घ्यायचा की नाही ते त्यानंतर ठरवा.